गायरानातला कोळसा

आमच्या सावरझरीला कोळशाची खाण सापडली तेव्हा ग्रामपंचायतीच्या मतदानाला तेरा दिवस उरले होते. इतकी वर्षं जमिनीखाली गुपचूप पडून राहिलेल्या कोळशाला वर यायला नेमकं मी निवडणुकीला उभी राहिले तेच वर्ष सापडावं, याचा मला अजूनही राग येतो.

मी सत्यशीला. सातवी पास, तोंडाने फटकळ, आणि त्या अठ्ठ्याहत्तर साली वय अठ्ठावीस. सावरझरी परतूरपासून चार मैलांवर. गावाच्या एका अंगाला रेल्वेची लाईन, दुसऱ्या अंगाला गायरान, आणि गायरानाच्या उतारावर आमची बौद्ध वस्ती. वस्तीच्या वर काळ्या पाषाणाचा कडा आहे आणि कड्याच्या पायथ्याशी झरा. धार म्हणाल तर करंगळीएवढी. पण बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा ही करंगळी आटली नाही. त्या वर्षी अख्खं गाव घागरी घेऊन आमच्या वस्तीत रांगेला लागलं. ज्यांनी आम्हाला कधी आपल्या आडाजवळ फिरकू दिलं नव्हतं, ते आमच्या मागे नंबर लावून उभे होते. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरी भरल्या, आणि गाव सगळं विसरून गेलं.

आमचे सरपंच अण्णासाहेब, पाटलांचे एकुलते एक. तिशीतला माणूस, आणि माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. शाळेवर पत्रे त्यांनीच आणले. पण औरंगाबादचा एक ठेकेदार त्यांच्या ओसरीवर येऊन बसायला लागला आणि त्यांना गावाचं भलं करायची फार घाई झाली. ठेकेदाराला आमचा कडा हवा होता. सुरुंग लावून फोडायचा, खडी करायची आणि रस्त्यांच्या कामाला न्यायची. पंचायतीचा ठराव झाला की काम सुरू. कडा फुटल्यावर झऱ्याचं काय, हे विचारायला मी दोनदा पंचायतीत गेले. दोन्ही वेळा मला चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा गेले ती उमेदवारीचा अर्ज घेऊनच.

आमच्या वॉर्डात आमची वस्ती आणि वेशीजवळची पाटलांची आळी. जागा एक, उमेदवार दोन. अण्णासाहेबांची निशाणी छत्री, माझी कपबशी. एवढा चहा पाजल्यावर दुसरं काय मिळणार होतं?

माझा मोठा आधार म्हणजे नवरा. मच्छिंद्र त्याचं नाव. नवऱ्याचं नाव घ्यायला मी उखाण्याची वाट बघत बसत नाही. दुष्काळात तो कामाच्या शोधात चांद्याकडे गेला होता. तिथल्या कोळशाच्या खाणीत चार वर्षं राबला आणि खोकला घेऊन घरी आला. प्रचारात तो माझ्याबरोबर घरोघर फिरायचा आणि एकच गोष्ट सांगायचा.

"म्या डोळ्यानं पाहून आलो. खाणीत पाणी भरतं म्हणून पंप लावत्यात. दिवसरात्र उपसा चालू. काळं पाणी नाल्यात सोडून देत्यात. आजूबाजूच्या गावच्या विहिरी होळीलाच कोरड्या पडत्यात. आन सुरुंगानं खडक हलला का झऱ्याची वाट मोडती. एकदा मोडली का मंग परत घावत न्हाई."

लोक ऐकून घेत होते. पाटलांच्या आळीतल्या बायासुद्धा माना डोलवत होत्या, कारण घागरी बायकांनीच वाहिल्या होत्या. मला वाटायला लागलं, सत्यशीला, तू निवडून येतेस बघ.

आणि मग रोजगार हमीच्या कामावर, गायरानात नाल्याला बांध घालायची माती खणताना, बायांच्या टिकावाला काळं लागलं. झऱ्यापासून दहा पावलांवर, लिंबाच्या झाडाशेजारी.

तासाभरात सगळं गाव तिथे जमलं. अण्णासाहेब आले. कुणीतरी म्हणालं, उगाच वाद कशाला, आपल्याकडे चांद्याचा माणूस आहे, त्यालाच विचारा. मच्छिंद्रला पुढे केलं. त्याने एक खडा उचलला, तळहातावर तोलला, दगडावर आपटून फोडला आणि फुटलेली बाजू उन्हात धरली. मग काटक्या गोळा करून त्यावर पेटवून पाहिला. मी गर्दीतून डोळ्यांनी खुणावत होते, की बाबा, जरा दम धर, आधी घरी चल. पण त्याला खोटं बोलायचं म्हटलं तरी ठसका लागतो.

"कोळसा हाय," तो म्हणाला. "असली. एक नंबर."

झालं. प्रचाराचे सगळे दिवस पाण्यात गेले, आणि तेही घरच्याच माणसामुळे. घरी आल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो भाकरी मोडत राहिला आणि शेवटी म्हणाला, "काहून भांडून राह्यली? कोळशाला कोळसाच म्हणावं लागतंय. पण मला एक समजंना. चांद्याकडं दगड येगळा असतो. आपल्या असल्या काळ्या पत्थरात कोळसा म्या कधी ऐकला न्हाई."

हे त्याने दुसऱ्या दिवशी चावडीवरही सांगून पाहिलं. पण आता कोण ऐकतो? ठेकेदार जीपने आला, खड्डा बघून गेला आणि अण्णासाहेबांना समजावून गेला, की कोळसा काढायचा तर आधी वरचा कडा काढावा लागेल. सरकारी तपासणी नंतर होईल, पहिल्यांदा पंचायतीचा ठराव होऊ द्या. त्याला कोळशाशी देणंघेणं नव्हतं, खडी मिळाली की त्याचं भागत होतं. हे मला दिसत होतं, पण अण्णासाहेबांना दिसत नव्हतं. त्यांचा कोळशावर मनापासून विश्वास बसला होता. ते गल्लोगल्ली सांगत सुटले, "आता कोन्ही गाव सोडून जायचं न्हाई. घरटी एक माणूस खाणीवर. चांदा आपल्या दारात आलाय!"

आमच्या वस्तीतली पोरंही मला म्हणायला लागली, "वहिनी, झऱ्याच्या पाण्यानं पोट भरतं का?" त्यांच्यावर मी चिडले, पण खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला निघणारी माणसं ती. दारात काम आलं तर नको कोण म्हणेल?

या सगळ्या गोंधळात माझ्या सासूने, चांगुणाबाईंनी, तीन दिवस धड अन्न घेतलं नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मला वाटलं, ताप असेल. चौथ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "मच्छिंद्रा, दार लोटून घे. तुमाला दोघाला एक सांगायचंय."

दार लोटलं. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि हातातल्या बांगडीकडे बघत बोलल्या, "त्यो कोळसा जमिनीतला न्हाई. आमी टाकलेला हाय."

मग सगळं बाहेर आलं. निजामाच्या राज्यात गावाजवळच्या चढावर गाडी धापा टाकत, चालत्या माणसाच्या वेगाने जायची. वस्तीतल्या बाया लाईनीच्या कडेला उभ्या राहायच्या. हातात फडक्यात बांधलेली गरम भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. इंजिनात कोळसा घालणारा माणूस वाकून ते गाठोडं उचलायचा आणि फावड्याने दोन-तीन फावडी कोळसा खाली ढकलायचा. दिवसभर आगीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला गरम भाकरी मिळायची आणि आमच्या बायांना कोळसा. तो लोहाराला आणि परतूरच्या मिठाईवाल्याला जायचा. वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं, आणि त्यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

"मंग पोलीस ॲक्शन झाली," आत्याबाई म्हणाल्या. "निजाम गेला. आन अफवा उठली, की पोलीस घराघरात घुसून झडत्या घेऊन राह्यले. रेल्वेचा माल घावला तर अख्खं घर जेलात. आमी घाबरून गेल्तो. झऱ्यापाशी मुरुमाचा जुना खड्डा व्हता. दिवस मावळायच्या वक्ताला सगळ्याजणीनं घरातला कोळसा त्याच्यात रिचवला. साठ-सत्तर टोपली असंल. वरून माती लोटली. झडती तर आलीच न्हाई. पण उकरायची कोन्हाची छाती झाली न्हाई. त्या बाया एकेक करून गेल्या. आता आमी दोघीच उरलो."

"दुसरी कोण?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगणार. झऱ्याचं पाणी हातात घेऊन शब्द दिल्ता."

मी यावर पहिलं काय बोलले ते सांगायची मला आज लाज वाटते. मी म्हणाले, "आत्याबाई, मतदान होईस्तोवर हे कुणाला सांगू नका."

मी असं का म्हणाले, तेही सांगते. आमच्या घरावर 'चोर' हा शब्द नवा नव्हता. माझे सासरे, तातेराव, तरुणपणी पाटलांच्या घरी सालगडी होते. तिथली एक पितळी परात नाहीशी झाली आणि आळ त्यांच्यावर आला. पाटलांनी त्यांना भर चावडीत चोर म्हणून कामावरून काढून टाकलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते थकले होते, पण तरीही कुणाच्या घरी भांड्याला हात लावत नसत. लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायला बोलावलं तरी नको म्हणायचे. ते गेले, तरी भांडण झालं की एखादा अजूनही म्हणतोच, परातवाल्याचं घर. आता वर सासूने उठून रेल्वेचा कोळसा आणला म्हणून सांगायचं, आणि मी कपबशीला मतं मागत फिरायचं?

आत्याबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तू मतं मोज," त्या म्हणाल्या. "पाणी गेल्यावर ती मतं कुठं भिजवून खाशील?"

मी रागारागाने घागर उचलली आणि झऱ्यावर गेले. तिथे वर बघितलं, तर ठेकेदाराच्या माणसांनी कड्यावर लाल रंगाने फुल्या मारून ठेवल्या होत्या. सुरुंगाची भोकं कुठे पाडायची त्याच्या खुणा. एक फुली तर बरोबर धारेच्या डोक्यावर. ठराव व्हायचा होता, मतदान व्हायचं होतं, आणि यांनी आधीच रंग लावला होता. घागर भरून सांडायला लागली तरी मी तशीच उभी होते. मला एकदम रडू आलं. मग घरी येऊन आत्याबाईंना म्हटलं, "तुम्ही कधी बोलणार ते सांगा. मी बाजूला उभी राहीन."

मतदानाच्या तीन दिवस आधी, सकाळी, अण्णासाहेबांनी खड्ड्यावर नारळ फोडायचा घाट घातला. सगळं गाव आलं होतं. लिंबाखाली खुर्ची टाकून त्यांच्या आईला, गिरिजाबाईंना, बसवलं होतं. खाणीची पूजा त्यांच्या हातून व्हायची होती. ठेकेदार पांढऱ्या कपड्यांत, हातात नारळ घेऊन उभा. अण्णासाहेबांचं भाषण संपतंय न संपतंय तोच आत्याबाई पुढे झाल्या. आवाज खणखणीत.

"अण्णासाहेब, ही खाण न्हाई. ह्यो रेल्वेचा कोळसा हाय. तीस वर्साखाली झडतीच्या भ्यानं म्या हितं टाकला."

त्यांनी भाकरीपासून झडतीपर्यंत सगळं सांगितलं. लोकांत आधी कुजबुज सुरू झाली, आणि मग हसू. ठेकेदार म्हणाला, "म्हातारे, सुनेला निवडून आणायला काय काय रचशील? एकट्या बाईनं एवढा कोळसा टाकला? अजून कोण कोण होतं, सांग बरं नावं."

"बाकीच्या मेल्या."

"सगळ्याच?"

आत्याबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

गर्दीतून कुणीतरी मागून बोललं, "परातवाल्याचं घर हाय, कोळसा बी आणला असंल!" आणि हशा झाला. मच्छिंद्रची मूठ वळली. मी आत्याबाईंचा दंड धरला आणि कानात म्हटलं, सांगा ना दुसरीचं नाव, तीस वर्षांच्या शब्दाला कोण विचारतंय आता! त्यांनी माझा हात हळूच सोडवला. डोळे जमिनीवर, ओठ घट्ट. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी मायाही, की दोन्हीपैकी जास्त काय होतं ते सांगता येणार नाही.

अण्णासाहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. "ऱ्हाऊ द्या, मावशी. बसा खाली," ते म्हणाले आणि ठेकेदाराकडे वळले. "फोडा नारळ."

"नारळ खाली ठेवायला सांग, अण्णा."

आवाज खुर्चीतून आला होता. गिरिजाबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खड्ड्याच्या कडेला आल्या.

"लिंबाच्या अंगानं खण. हातभर खाली. परात निघंल."

"कुठली परात, माय?"

"तुझ्या बापाच्या नावाची. माझ्या लग्नातली."

अण्णासाहेब आईकडे बघतच राहिले. मग त्यांनी एका माणसाच्या हातातला टिकाव घेतला आणि पांढऱ्या धोतरानिशी खड्ड्यात उतरले. मच्छिंद्रही उतरला. कोळशाचा थर संपला तशी खाली नुसती मुरमाड माती लागली. खाण बिलकुल नव्हती, एका खड्ड्यापुरता तो कोळसा होता. आणि त्या थराच्या बुडाशी टिकाव ठण्णकन वाजला. अण्णासाहेबांनी हाताने कोळसा उकरला. हिरवी-काळी पडलेली मोठी परात निघाली. त्यांनी धोतराच्या सोग्याने तिचा काठ पुसला. लग्नातल्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालतात, तसं काठावर नाव होतं. ते त्यांनी मनातल्या मनात वाचलं. मीच वाकून मोठ्याने वाचलं, "अप्पाराव पाटील, सावरझरी."

गिरिजाबाई लेकाशी बोलत होत्या, पण ऐकत सगळं गाव होतं.

"तू पोटात व्हतास तवा चांगुणा मागच्या दारानं कोळसा आणून देत व्हती. बाळंतिणीच्या शेगडीला. लई पाऊस व्हता, लाकडं वली. त्याच कोळशाचा शेक तुला दिलाय. उरलेला धान्याच्या बळदात ठिवला. झडतीचं ऐकलं आन माझी बोबडी वळली. तुझ्या बापाला सांगायची सोय नव्हती. टोपलं घावंना म्हणून परातीत भरला आन हितं आले. चांगुणा व्हती म्हणून वाट दिसली. तेवढ्यात कोन्हीतरी कंदील घेऊन आलं, तवा म्या परातीसकट कोळसा टाकून पळाले."

मग ठेकेदाराकडे, आणि जिथून हशा आला होता त्या गर्दीकडे वळून बोलल्या.

"मालकानं परात इचारली तर म्या म्हणले, माहीत न्हाई. त्यानं तातेरावाला चोर म्हणून काढलं. भर चावडीत. तातेरावाला सगळं ठावं व्हतं. नाव घेतलं असतं तर सुटला असता. त्यानं न्हाई घेतलं, आन हिनं आज बी न्हाई घेतलं. तातेराव चोर नव्हता. म्या गप बसले, एवढंच."

मच्छिंद्र खड्ड्यात उभा होता. कोळशाने माखलेला हात त्याने तोंडावर धरला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी त्याला दुष्काळात रडताना पाहिलं नव्हतं, खाणीतून खोकत आला तेव्हाही नाही.

गिरिजाबाईंनी खाली वाकून परातीला हात लावला. तळहात काळे झाले. मग त्या दहा पावलं चालून झऱ्यापाशी गेल्या आणि मागे वळल्या.

"चांगुणाबाई," त्यांनी हाक मारली. आजपर्यंत आमच्या सासूला त्या आळीतून कुणी 'बाई' लावून बोलावलं नव्हतं. "हातावर पाणी घाला."

आत्याबाईंनी तांब्या भरला आणि पाणी घातलं. गिरिजाबाईंनी हात धुतले. मग पुन्हा ओंजळ पुढे केली, आणि सगळ्या गावासमोर ते पाणी प्यायल्या.

"त्या दिवशी बी प्याले व्हते," त्या म्हणाल्या. "पळत पळत हितं आल्ते, घशाला कोरड पडल्ती. तवा बी तुमीच घातलं व्हतं. घरी कोन्हाला सांगितलं न्हाई."

या गडबडीत ठेकेदार जीपमध्ये बसून कधी निघून गेला ते कळलं नाही. नारळ मात्र विसरला. तो आम्ही झऱ्याच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांना वाटला.

मी नऊ मतांनी निवडून आले. निकालाच्या दिवशी अण्णासाहेब स्वतः आमच्या दारात आले, हातात हार. "सत्यशीलाबाई, आमच्या मायनंच कपबशीवर शिक्का मारला, आन गावभर सांगून बी राह्यली," ते म्हणाले. "निदान गप तरी बसायचं का न्हाई?"

"तीस वर्षं गप बसल्या होत्या," मी म्हटलं. "आता नाही बसायच्या."

ते हसले. उसनं नव्हतं ते हसू.

नव्या पंचायतीचा पहिला ठराव मी मांडला: गायरानातल्या कड्याला सुरुंग लागणार नाही, आणि झऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावाचा सारखा हक्क राहील. ठराव बिनविरोध झाला. दुसऱ्या बैठकीत प्रश्न आला, की त्या सत्तर टोपल्या कोळशाचं करायचं काय. मी कायद्याला धरून परतूरच्या स्टेशनमास्तरांना पत्र लिहिलं, की तुमचा माल आमच्याकडे निघाला आहे, घेऊन जा. ते भले गृहस्थ. त्यांनी निरोप पाठवला, की बाई, ज्या रेल्वेचा तो कोळसा, ती निजामाची रेल्वेच आता राहिली नाही. माझ्याकडे कुठे जमा करून घेऊ?

मग मच्छिंद्रने उपाय काढला. झऱ्याला पक्का कठडा आणि कुंडी बांधायची होती, पण सिमेंट परमिटवर, आणि परमिट मिळता मिळत नव्हतं. आमच्या नाल्यात चुनखडीचे खडे मात्र हवे तेवढे. त्याने गायरानात भट्टी लावली, तोच कोळसा आणि चुनखडी थराथराने रचली आणि चुना भाजला. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना त्या हिवाळ्यात दोन महिने गावातच काम मिळालं, रोजगार हमीवर. एका कठड्याने सगळ्यांचं पोट भरणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. पण पुढच्या वर्षी नाल्याचे बांध होते, त्याच्या पुढच्या वर्षी विहिरी खोल करायच्या होत्या. अण्णासाहेब त्यासाठी माझ्याबरोबर तहसीलच्या चकरा मारायचे. चहा आता मी पाजते.

कठडा पुरा झाला त्या दिवशी गिरिजाबाई झऱ्यावर आल्या. मागून त्यांच्या गड्याने ती परात आणली. चिंच लावून घासली होती, नव्यासारखी लखलखत होती. "ही हितंच ऱ्हाऊ द्या. धारेखाली," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "परतूरच्या बाजारात नेऊन नाव घालून आणलंय."

आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी परात माझ्यापुढे केली. काठावर अप्पाराव पाटलांचं जुनं नाव होतं, आणि त्याच्या खाली नवी, ठळक ठिपक्यांची ओळ. आमच्यात गेलेल्या माणसाला कालकथित लिहितात. नाव घालणाऱ्याने सवयीने 'कै.' घातलं होतं, आणि एरवी मी त्यावरून नक्की तोंड सोडलं असतं. त्या दिवशी नाही सोडलं. मी वाचलं:

"कै. तातेराव यांच्या स्मरणार्थ झऱ्यास भेट."

आत्याबाईंनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचलं.